पस्तीस शनिवार

सुनावणी सुरू होऊन पाऊण तास झाला होता आणि थोरलीची पेन्सिल अजून एकदाही अडखळली नव्हती. वीज आयोगाच्या त्या लांबट सभागृहात अध्यक्षांच्या उजव्या हाताला, एक पायरी खाली, लघुलेखिकेचं टेबल होतं. तेवीस वर्षं ती तिथं बसत आली होती. बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्द निघायचा आणि तिच्या वहीत त्याची बारीक, वळणदार खूण उमटायची. मधे तिचं असं काही नसायचं. लोक तिला 'बाई' म्हणत. पाणी पिताना तिच्याकडे बघत, पण बोलताना बघत नसत. आज साक्षीला धाकटी होती, तिची सख्खी बहीण. थोरलीनं ही गोष्ट आठवडाभर आधीच सचिवांच्या कानावर घातली होती. सचिव हसून म्हणाले होते, "बाई, तुम्ही फक्त लिहायचंय, निकाल थोडाच द्यायचाय?" ते खरंच होतं. लिहिणाऱ्या हाताला नातं नसतं, असं तीही मानत आली होती. शहराला आजवर एकच सरकारी कंपनी वीज पुरवत होती. आता नव्या कायद्यानं तारा त्याच ठेवून त्यांतून वीज विकायला दुसऱ्या कंपनीलाही परवानगी मिळायची होती. ज्याला जिच्याकडून हवी तिच्याकडून त्यानं वीज घ्यावी, नाही पटली तर सोडावी. त्या दुसऱ्या कंपनीची सल्लागार म्हणून धाकटी उभी होती. हातात कागद नाही, समोर चष्मा काढून ठेवलेला, आवाज असा की मागच्या खुर्चीवरच्या माणसालाही आपल्याशीच बोलतेय असं वाटावं. आणि मग ती म्हणाली, "महोदय, आकडे क्षणभर बाजूला ठेवते. मी दहा वर्षांची होते. आमच्या घरचा मीटर जळाला. वीज मंडळाकडे नवा मीटर शिल्लक नव्हता. आठ महिने घरात दिवा नव्हता. दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी अर्ज घेऊन मंडळाच्या कचेरीत जाऊन बसायचे. पस्तीस शनिवार. कारकून म्हणायचा, मीटर आला की कळवू. आम्हाला जायला दुसरं दारच नव्हतं. पर्याय म्हणजे काय, हे तुम्ही त्या बाकावर बसलेल्या मुलीला विचारा."

हातानं ते लिहून टाकलं होतं. पुढची दोन वाक्यंही लिहून झाली, तेव्हा कुठं थोरलीच्या डोक्यात पहिलं वाक्य शिरलं. बोटांना आधी कळतं आणि आपल्याला मागून, हे तिला माहीत होतं. पण आज मधलं अंतर एवढं होतं की त्यात ती अख्खी घसरली. मी. 'मी' या शब्दाला लघुलिपीत एक एवढीशी रेघ लागते, आणि ती रेघ तिनं स्वतःच्या हातानं ओढली होती.  अध्यक्ष, जे सहसा टेबलावरच्या कागदांकडे बघून ऐकत, ते मान वर करून धाकटीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं होतं, ज्यासाठी लोक वकिलांना मोप पैसे मोजतात. आणि थोरलीला त्या बाकाचं लाकूड मांडीच्या मागे टोचलं. त्या बाकाची एक फळी मधोमध उललेली होती. नीट बसलं नाही तर कातडी चिमटायची. हे धाकटीला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिनं तेही सांगितलं असतं, आणि छान सांगितलं असतं.

नंतर ग्राहकांच्या वतीनं एक म्हातारे निवृत्त इंजिनिअर उठले. प्रत्येक सुनावणीला ते यायचे; कचेरीत त्यांना सगळे तक्रारकाका म्हणायचे. ते म्हणाले, "ताई, तुमची गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी आहे. पण माझा साधा प्रश्न. ज्यांना जाता येईल ते जातील. मोठी दुकानं, मोठे बंगले, सगळी चांगली गिऱ्हाईकं तुमच्याकडे. मागे उरतील ते उरतील. मग जुन्या तारांचा, जुन्या खांबांचा सगळा भार उरलेल्यांनीच वाहायचा ना?" थोरलीनं हे शब्द इतक्या चवीनं लिहिले की पेन्सिलीचं टोक मोडलं. धाकटीनं उत्तर दिलं, चांगलंच दिलं, आकड्यांसकट दिलं. तिचं उत्तर वाईट असतं असं कधी झालं नव्हतं. उतरताना ती थोरलीच्या टेबलाजवळून गेली आणि दोन बोटं टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवून पुढं गेली, जशी ती लहानपणी झोपायला जाताना थोरलीच्या खाटेच्या कडेला टेकवायची. थोरलीनं मान वर केली नाही.

जळफळाट हा शब्द लोक उगाच मोठा करतात. थोरलीला कुठं जळत नव्हतं. उलट गार वाटत होतं, पोटाच्या खालच्या बाजूला, ओला कपडा ठेवल्यासारखं. कचेरीतून घरी जाताना ती नेहमीच्या रस्त्यानं न जाता नदीवरच्या पुलावरून चालत निघाली. इमारतींच्या खिडक्यांत एकेक दिवा लागत होता आणि तिला आठवत होतं, त्या आठ महिन्यांत चाळीतल्या बाकी सगळ्या खोल्यांत दिवे होते, आपल्याच खोलीत नव्हता. शेजारणीच्या दारातून उजेडाची एक पट्टी व्हरांड्यात पडायची, त्या पट्टीत ती गणितं सोडवायची. धाकटी तेव्हा चार वर्षांची, आईच्या पदराला धरून फिरायची, तिला अंधाराची गंमत वाटायची. बाबांची कारखान्यात पाळी असायची, आई सतत आजारी, म्हणून अर्ज घेऊन जायचं काम थोरलीच्या वाट्याला आलं. कुणी दिलं नव्हतं, आपोआप आलं. घरातली सगळी कामं थोरल्या मुलीकडे उतारावरून पाणी यावं तशी येतात. कारकुनाच्या टेबलावर काचेचा चौकोनी ठोकळा होता, त्याखाली अर्ज दाबलेले. तिचा अर्ज दर शनिवारी त्या चळतीत थोडा खाली गेलेला असायचा. "साहेब जेवायला गेलेत." "साहेब फिरतीवर आहेत." "मीटरची गाडी आलीच नाही, बाळ." एकदा तिनं धीर करून विचारलं, "गाडी कुठून येते?" तर सगळी कचेरी हसली. आणि शेवटच्या, पस्तिसाव्या शनिवारी आईला दवाखान्यात ठेवलं होतं, घरी कुणी नव्हतं, म्हणून थोरली धाकटीला कडेवर घेऊन गेली. धाकटीला तहान लागली, मग भूक, मग तिनं भोकाड पसरलं. असं भोकाड की आतल्या खोलीतून साहेब स्वतः बाहेर आले, तिच्या गालाला हात लावला, कारकुनाला म्हणाले, "काय रे, हिला कशाला रडवतोस? दे की यांना मीटर." सोमवारी मीटर बसला. बाबांनी धाकटीला खांद्यावर घेऊन अख्ख्या व्हरांड्यात फिरवलं. चिमीनं मीटर आणला! चिमीचा पायगुण! शेजारणीनं तिच्या हातावर साखर ठेवली. चौतीस शनिवार कुणाच्या हिशेबातच आले नाहीत. तो दिवस गेला तो गेला, पण घरात पाहुणा आला की बाबा ती गोष्ट सांगायचे, आणि गोष्टीत थोरली असायची ती फक्त धाकटीला कडेवर घेण्यापुरती.

आज ती तेवढीही उरली नव्हती. आयत्या बिळावर नागोबा, असं ती पुलावर मोठ्यानं म्हणाली, आणि समोरून येणारा एक माणूस दचकून बाजूला झाला.

घरी नवरा चहाचा कप हातात घेऊनच दारात आला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस होता, साधा, आनंदी माणूस. मेव्हणीचं त्याला भारी कौतुक. "कशी बोलली मग आपली चिमी?" "बरी बोलली." "बरी? अगं, तिची ती गोष्ट, पेपरवाले फोन करून विचारतायत म्हणे. तिनंच कळवलं मला." थोरली मोरीवर हात धूत राहिली. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "चिमी आली होती का? मला भेटली नाही." दर सहा महिन्यांनी आई एका मुलीकडून दुसरीकडे जायची, हे सहा महिने थोरलीचे होते, आणि सहाही महिने आई धाकटीचीच वाट बघायची. थोरलीला वाटलं, आत्ता या क्षणी आतल्या खोलीत जावं आणि विचारावं. पण काय विचारायचं? आई, ते शनिवार कुणाचे होते? एकावन्न वर्षांच्या बाईनं असं विचारायचं असतं का?

धाकटी रविवारी दुपारी आली. आईची औषधं, मेव्हण्याला पेन, थोरलीला काही नाही. थोरलीला ती कधीच काही आणत नसे, 'तुला काय आणायचं, तुझ्याकडे सगळं असतं' म्हणत. आल्या आल्या चपला भिरकावून आईच्या खाटेवर आडवी झाली आणि म्हणाली, "दोन रात्री झोप नाही गं. अध्यक्ष काय करतील कळत नाही. ही परवानगी नाही मिळाली तर कंपनी मला नारळ देईल. चेहऱ्यावर दाखवत नाही एवढंच." जवळून तिचे डोळे सुजलेले दिसत होते. केसांच्या मुळाशी पांढरं आलं होतं. थोरलीला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लगेच वाईट वाटलं, आणि तरी ते बरं वाटणं गेलं नाही. तिनं चादर झटकायच्या निमित्तानं पाठ फिरवून विचारलं, "ते मीटरचं तू... ते कधी ठरवलंस सांगायचं?"

"ठरवलं कुठं? उभी राहिले आणि आलं तोंडात. लागू पडलं ना? अध्यक्ष पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागले."

"पण तू दहा वर्षांची नव्हतीस."

धाकटीनं उशी डोक्याखाली सरकवली. आईच औषधाची बाटली उजेडात धरून म्हणाली, "मीटर हिनंच आणला होता. हिच्या बाबांनी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं."

"बघ," धाकटी हसली, पण त्या हसण्यात नेहमीची ऐट नव्हती. कुशीवर वळून ती भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली, "ताई, तुला एक सांगू? माझ्याकडे त्या घरातलं काही नाहीच. मला कळायला लागलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. गरिबी होऊन गेली, अंधार होऊन गेला, बाबांची पाळी सुटली. तुम्ही सगळे सांगायचात आणि मी ऐकायचे. तू तर इतक्यांदा सांगितलंस की मला तो कारकून डोळ्यांपुढं दिसतो. काचेच्या ठोकळ्यासकट. तुझं सगळं स्वतःचं आहे. माझं जे आहे ते तुमच्याकडून ऐकलेलं."

"म्हणून घेऊन टाकायचं?"

"रागावलीस?"

"मी कशाला रागावू? मी फक्त लिहिते."

थोरली चादरीची घडी घालत राहिली. थोड्या वेळानं थोरलीनं वळून बघितलं तर तिला झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, आईचा हात तिच्या केसांत. थोरली तशीच उभी राहिली. झोपलेल्या माणसाचा हेवा करता येतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. हिला काही नसलं तरी ही कुठंही झोपू शकते, आणि झोपली की कुणीतरी तिच्या केसांत हात घालतं. आपल्याकडे सगळं असतं, ते हेच सगळं: चादर, औषधाच्या वेळा, चहाची भांडी.

सोमवारी सकाळी ती मजकूर टाइप करायला बसली. नियम सोपा होता: वहीतल्या खुणा जशाच्या तशा कागदावर उतरवायच्या, मसुदा साक्षीदाराकडे तपासायला पाठवायचा, त्यानं पानापानावर सही करून तीन दिवसांत परत करायचा, मग सचिवांचा शिक्का, की ते कायमचं. टेप होती, सचिवांच्या कपाटात, पण टेप ऐकायची वेळ कधी आली नव्हती. बाईंनी लिहिलंय म्हणजे तसंच असणार, हा कचेरीचा विश्वास. ती त्या परिच्छेदाशी आली आणि थांबली. मनात पहिलं आलं ते वाईटच आलं. काही न बदलता 'मी' असंच राहू द्यावं आणि जिन्यात तक्रारकाका भेटले की सहज म्हणावं, काका, तो मीटर कुठल्या साली जळाला आणि साक्षीदाराचा जन्म कुठल्या सालचा, बघा जरा. बाकीचं म्हाताऱ्यानंच केलं असतं. शपथेवर खोटं. कंपनी उडाली असती, धाकटीची नोकरी उडाली असती. तक्रारकाका खरंच भेटले जिन्यात, अकराच्या सुमारास, दम खात कठड्याला टेकलेले. "काय बाई, थकलो बुवा. कंपनीची ती पोरगी मात्र बोलली हो." "हो," थोरली म्हणाली. तिच्या जिभेवर ते साल येऊन बसलं होतं. "तुम्ही लिफ्टनं का येत नाही, काका?" एवढंच तिनं विचारलं, आणि वर आली.

जागेवर बसून तिनं 'मी'वरून बोट फिरवलं. खरं म्हणजे काय लिहायचं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. खरं काय ते तिला माहीत होतं आणि सांगितलं काय गेलं तेही. तिला एकच दिसत होतं की हा कागद तीस वर्षं कपाटात राहील आणि त्यात ते शनिवार धाकटीच्या नावावर असतील. धाकटीला घर मिळालं, परदेश मिळाला, बाबांचा खांदा मिळाला, आईची वाट बघणं मिळालं. तो उललेला बाक तरी नको. न्यायासाठी आपण हे करत नाही आहोत, हे ती स्वतःपासून लपवू शकली नाही. हा सरळसरळ मत्सर होता, लहान पोरीचा, दुसरीच्या हातातून बाहुली ओढून घ्यावी तसा. आणि ते पुरतं ठाऊक असताना तिनं 'मी' खोडून टाइप केलं: 'माझी मोठी बहीण'. पुढची क्रियापदं बदलली. 'माझी मोठी बहीण दहा वर्षांची होती. दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की ती अर्ज घेऊन...' तेवीस वर्षांत तिनं स्वतःचा घातलेला हा पहिला शब्द. दुपारी लिफाफा धाकटीच्या कंपनीकडे गेला.

त्यानंतरचे तीन दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. सचिवांनी बोलावलं की ती आधी वही खणात ठेवून कुलूप लावायची. धाकटी एक फोन करेल, 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणेल, टेप निघेल, आणि निवृत्तीला सात वर्षं उरलेली बाई चौकशीपुढं उभी राहील, ज्या सभागृहात ती आयुष्यभर खाली मान घालून बसली त्याच सभागृहात. नवऱ्याला ती काही बोलली नाही. जेवताना तिनं दोनदा मीठ घातलं आणि त्यानं मुकाट खाल्लं. भीतीपेक्षाही एक गोष्ट तिला जास्त छळत होती. धाकटी भांडली तर निदान ते शनिवार भांडण्याइतके मोलाचे आहेत असं तरी होईल. पण ती न वाचताच सही करेल, घाईत, गाडीत बसल्या बसल्या, तर? मग आपण नोकरी पणाला लावून ज्या कागदावर स्वतःला लिहिलं, तो कागद कुणी बघितलाच नाही असं होईल.

गुरुवारी लिफाफा परत आला. थोरलीनं दार लोटून घेतलं आणि पानं काढली. प्रत्येक पानाच्या तळाशी धाकटीची सही. तिनं वाचलं होतं, आणि बारकाईनं वाचलं होतं: दुसऱ्या पानावर एक आकडा दुरुस्त केलेला, तिसऱ्यावर एक स्वल्पविराम. चौथ्या पानावर तो परिच्छेद. 'माझी मोठी बहीण' तसंच होतं, त्याला हात लावलेला नव्हता. फक्त 'दहा' या शब्दावर निळ्या शाईची आडवी रेघ होती आणि समासात धाकटीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: अकरा. सहावीत होती.

थोरली त्या शब्दांकडे बघत राहिली. मग तिनं बोटांवर मोजलं. मीटर जळाला तो उन्हाळा. त्याआधी पाचवीचा निकाल. नवी शाळा, लांबची, जिथून कचेरी जवळ पडायची. सहावीच. अकरा पूर्ण. आयुष्यभर ती दहा सांगत आली होती. कधी, कुणापुढं तिनं ते एक वर्ष गाळलं, हे तिला आठवेना. दहा म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त कळवळतो, एवढ्यासाठीच ते गाळलं असणार. आणि धाकटीनं साक्षीत तिचंच खोटं दहा उचललं होतं, आणि आता तिचंच खरं अकरा परत केलं होतं.

तिनं फोन लावला. पलीकडे गाड्यांचे आवाज होते.

"मिळालं का पाकीट?" धाकटी म्हणाली. "अजून काही राहिलं असेल तर सांग."

"चिमे, ही दुरुस्ती सभागृहात बोलली गेलेली नाही. तुझ्या कंपनीनं विचारलं तर?"

"त्यांना मी सांगितलं, उभ्या उभ्या बोलताना जीभ घसरली. माझंच आहे ते, माझी सही आहे. तुझ्याकडे कुणी येणार नाही."

 आभार मानावेत असं थोरलीला वाटलं, आणि त्याच वेळी हाही उपकार आता हिचाच झाला, असंही वाटलं. ती एवढंच म्हणाली, "तुला कसं माहीत? सहावी?"

"तुझ्या दप्तरावर होतं."

"काय होतं?"

"अगं, त्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तू मला शेजारणीकडून उचलून कडेवर घेतलंस आणि निघालीस, पाठीला दप्तर तसंच. माझी हनुवटी तुझ्या खांद्यावर. अख्खा रस्ता माझ्या डोळ्यांपुढं ते दप्तरच. त्यावर कापडाची पट्टी शिवली होती, पट्टीवर शाईनं काहीतरी. मला वाचता कुठं येत होतं! पण ती नक्षी लक्षात राहिली. पुढं पहिलीत अक्षरं आली तेव्हा एक दिवस ती नक्षी एकदम वाचता आली. तुझं नाव, आणि खाली सहावी ब." ती थांबली. "तेवढं एक माझं स्वतःचं आहे. ते मला कुणी सांगितलेलं नाही."

थोरलीनं डोळे मिटले. काचेचा ठोकळा आठवला, बाक आठवला, साहेबांचा हात, धाकटीचं रडणं कानाशी. आपली पाठ मात्र तिला दिसेना. दप्तर होतं का? असणारच. पट्टी कुणी शिवली होती? आईनं? त्या आजारपणात?  आयुष्यातल्या सगळ्यात स्वतःच्या दिवसाची एक बाजू आपल्याकडे कधी नव्हतीच, ती सगळा वेळ हिच्याकडे होती.

"कुठल्या रंगाचं होतं गं?" तिनं विचारलं.

"काय, दप्तर? आता ते पण मीच सांगू?" धाकटी हसली.

"हो," थोरली म्हणाली. "सांग."